शाई वाळेपर्यंत

"मुद्दा प्रेमाचा नाहीच," बाबा म्हणाले. "मुद्दा नाकाचा आहे. माझं नाक एवढं आहे?"

खोटं बोलणं सगळ्यांच्या जिवावर आलं होतं आणि खरं बोलायची ही वेळ नव्हती. मोठ्या टेबलावर बाबांच्या लेकीच्या, ठिपकीच्या, चित्रकादंबरीची पानं ओळीने मांडली होती, आणि जवळपास प्रत्येक पानावर एक बाप होता. अभ्यास, अभ्यास म्हणून ओरडणारा. त्याचं नाक स्वतःची चौकट ओलांडून शेजारच्या चौकटीत घुसलं होतं. एका पानावर तर नायिकेने त्या नाकाला ओली छत्री अडकवली होती.

"खरं सांगू का, थोडं कमीच काढलंय," आत्या म्हणाली आणि पेनाची निब पुसायला लागली.

"तू बोलूच नकोस. ही दाराला कान लावून उभी आहे ती कोण?"

"मी. बघताक्षणी ओळखलं. पण दादा, कंबर बघ ना, कशी बारीक काढलीय. पोरगी गुणाची आहे."

"आणि मी सगळीकडे पाठमोरी का?" रंगाच्या वाट्या धुता धुता, मागे वळून न बघता आईने विचारलं. "अख्ख्या पुस्तकात मला तोंडच नाही."

ठिपकी टेबलाच्या टोकाला हाताची घडी घालून बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

या टेबलावर एका माणसाने एक चित्र पुरं करायची पद्धतच नव्हती. बाबा पेन्सिलीने काढायचे, त्यावरून भाऊकाका शाई फिरवायचे, बोलण्याच्या फुग्यांत अक्षरं भरायची ती आत्या, आणि रंग आईचे. शाई वाळली की खालची पेन्सिल रबराने खोडायची, ते काम आजोबांचं. घरातले मोठे त्यांना अण्णा म्हणत. एके काळी पाचही कामं ते एकटेच करायचे. आता हात थरथरायचा म्हणून खोडणं तेवढं उरलं होतं, पण दरारा तसूभर कमी झाला नव्हता. रबर ते दोरीने शर्टाच्या बटणाला बांधून ठेवायचे, कारण घरात चोर आहेत अशी त्यांची पक्की खात्री होती. शाई वाळल्याशिवाय रबर नाही, हा त्यांचा एक नियम. चेहरा मनाने काढायचा नाही, माणूस बघून काढायचा, हा दुसरा. ठिपकी लहानपणी याच टेबलाखाली बसून ढगांना आणि सावल्यांना ठिपके द्यायची, म्हणून ती ठिपकी. आता सोळा वर्षांची घोडी झाली तरी नाव काही सुटलं नव्हतं.

या वेळी पेन्सिल तिच्या हातात गेली ती प्रकाशकांमुळे. त्यांना हवी होती कुमारवयीन मुलांसाठी प्रेमाची गोष्ट. "पण आजची हवी," असं त्यांनी बाबांना तोंडावर सांगितलं. "तुमचा नायक अजून झाडाला टेकून उसासे टाकतो हो." बाबांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, दोन झाडं आणखी काढून बघितली, आणि शेवटी पेन्सिल लेकीपुढे सरकवली. "काढ बाई, तूच काढ. पण अभ्यास सांभाळून."

तिथेच सगळं फिसकटलं. ठिपकीने आजोबांचा नियम इमानेइतबारे पाळला. माणसं बघूनच काढली. नाकाचं दुःख जरा ओसरल्यावर बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाप खरा, आत्या खरी, आईची पाठसुद्धा खरी, मग गच्चीत नायिकेचा हात धरून उभा असलेला हा पोरगाही कुठे ना कुठे असणारच.

आणि तो सापडला. दुपारी बाबा खोकल्याचं औषध घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तर काउंटरमागे तोच उभा. तीच लांब मान, तीच डाव्या भुवईतली चीर, ओठांच्या कोपऱ्यात तेच अर्धवट हसू. औषधवाल्यांचा धाकटा. उंच, सरळसोट आणि कायम तोंडात काहीतरी धरलेला, म्हणून शाळेत त्याला थर्मामीटर म्हणायचे. बाबांनी खोकल्याचं औषध तिथेच सोडलं, पण औषधवाल्यांना सांगून आले, "संध्याकाळी मुलाला घेऊन घरी या. महत्त्वाचं बोलायचंय."

"आता कान उघडे ठेवून ऐक," बाबा लेकीला म्हणाले. "पुस्तक आजपासून बंद. प्रकाशकांना मी बघून घेईन. उद्या सकाळी तुला मामाकडे सोडतो. परीक्षा होईपर्यंत तिथेच राहायचं. पेन्सिल धरायची ती भूमितीची आकृती काढायला, बास."

"शेवटची पानं राहिलीत," ठिपकी म्हणाली.

"राहू देत."

"बाबा, प्लीज. मामाकडे नको. तुम्ही म्हणाल तेवढा अभ्यास करते, इथेच करते."

"इथे काय अभ्यास होतो ते दिसलं ना गच्चीत!"

बोलताना त्यांचा आवाज चढला होता, पण आत वेगळंच काही चाललं होतं. त्यांना भीती वाटत होती. हे टेबल माणसाला धरून ठेवतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांची कंबर या टेबलाने खाल्ली, भावाचे डोळे खाल्ले, बापाचे हात खाल्ले. लेकीने इंजिनियर व्हावं, पाठ टेकायला खुर्ची असलेल्या जागी बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते साधं, सरळ बोलणं त्यांना जमत नव्हतं. म्हणून ते नाकावरून भांडत होते.

"मामाला मी कळवलंय," आई म्हणाली. ती अजून नवऱ्याच्या बाजूला होती. "परीक्षा एकदाच असते गं. मुलगा काय, पळून जातोय?"

"अगं वहिनी, पण तो थर्मामीटर!" आत्या म्हणाली. "मला एक कळत नाही. गेला महिनाभर या पोराच्या तोंडची वाक्यं मी फुग्यांत भरतेय. काय गोड बोलतो! आणि दुकानात त्याला विचारलं की पट्टी आहे का, तर म्हणतो, कुठली. पुढे म्हणतो, कशाला. हा ती वाक्यं बोलणारच नाही."

"प्रेमात माणूस बोलायला लागतो," भाऊकाका म्हणाले. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं आणि या विषयातले घरातले तज्ज्ञ तेच होते.

"तू बोलू नकोस," बाबा म्हणाले. "तू शाई दिलीस ना त्याला? तुला दिसला नाही?"

"मी रेघेवर रेघ मारतो. कोण आहे ते बघत बसलो तर पुस्तकं कधी व्हायची?" भाऊकाका ताठ बसले. "आणि चष्मा लागलाय, असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, लागलेला नाही."

ठिपकीने पहिल्यांदाच मान वर केली आणि काकांकडे असं काही पाहिलं, की त्यांना ते दिसलं असतं तर ते जळून खाक झाले असते.

कारण खरी गंमत ही होती. ठिपकीने थर्मामीटर काढलाच नव्हता. तिची पानं शाईला गेली की ती पुढच्या पानाला बसायची, त्यामुळे शाई होऊन आलेला नायक तिने आज दुपारीच पाहिला, आणि ती बघतच राहिली. तिने काढलेला मुलगा गायब. त्याच्या जागी लांब मानेचा कुणी उपटसुंभ तिच्या नायिकेचा हात धरून उभा. भाऊकाकांनी गेल्या वर्षी औषधवाल्यांच्या दुकानाची मोठी पाटी रंगवली होती, याच पोराचं हसरं चित्र असलेली. महिनाभर तोच एक चेहरा घोटल्यावर तो काकांच्या हातात जो बसला तो बसलाच. डोळ्यांना पेन्सिलीची रेघ दिसेनाशी झाल्यावर हात आपला ओळखीच्या वाटेने जात होता. पोलीस काढला तरी थर्मामीटर, टपालवाला काढला तरी थर्मामीटर. ठिपकी काकांचा गळा धरायला निघाली होती, तेवढ्यात बाबा दुकानातून तरातरा आले आणि पोराचा पत्ता लागल्याचं सगळ्या घरात जाहीर केलं.

मग ती गप्प बसली. चुकीचा माग लागलाय, तर लागू दे. खरा कोण ते कळलं असतं, तर मामाचं गाव परवडलं असं म्हणायची वेळ आली असती.

दारावर थाप पडली. औषधवाले आले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग चापून बसवलेला, मागे मुलगा. मुलाच्या तोंडात पेनाचं टोपण होतं.

"बसा," बाबा म्हणाले.

औषधवाले बसले. समोर पानं होतीच. त्यांनी एक उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि त्यांचा चेहरा फुलून आला.

"अरेच्चा! हा तर आमचा!"

"तेच म्हणतोय मी."

"काय हुबेहूब! ए, बघ, बघ, पुस्तकात आलास लेका! नायक आहे ना हा?"

"नायकच आहे," बाबा दात आवळून म्हणाले. "आणि नायिका माझी मुलगी आहे. पान उलटा."

औषधवाल्यांनी पान उलटलं. गच्ची आली. हातात हात आला. पुढच्या पानावर तर दोघं एकाच पंच्याखाली भिजलेलं डोकं पुसत होते. औषधवाल्यांचं हसू हळूहळू मावळलं आणि ते मुलाकडे वळले.

"हे काय आहे?"

"मला काय माहीत?" थर्मामीटर म्हणाला. पण तो पानावरून नजर हटवायला तयार नव्हता. "मी इतका बरा दिसतो?"

"गच्चीत कधी गेला होतास?"

"गेलोच नाही! मी हिच्याशी बोललोसुद्धा नाही कधी. एकदा सुटे आहेत का विचारलं होतं."

"आणि मी नाहीत म्हणाले होते," ठिपकी म्हणाली.

"बघा, बघा! बोलणं झालंय!" बाबा टाळी वाजवून म्हणाले.

आता औषधवाल्यांनाही चेव आला. दुसऱ्याच्या घरी मान खाली घालायची वेळ आली की माणसाला शिस्त आठवते. ते उठून उभे राहिले. "बास झालं. उद्यापासून पोहणं बंद. शाळा, दुकान, घर. त्या तलावावरच ही थेरं सुचत असणार."

"बाबा, स्पर्धा आहे!" थर्मामीटरच्या तोंडातलं टोपण खाली पडलं. "निवड झालीय माझी. संघात आहे मी."

"कसली स्पर्धा नि कसला संघ! नाव काढून घेतो उद्याच."

"पण मी काहीच केलं नाही!"

त्याचा आवाज फाटला. इतका वेळ भुवईत चीर घेऊन ऐटीत उभा असलेला तो पोरगा एकदम लहान दिसायला लागला. डोळ्यांत पाणी आलं तसं त्याने तोंड भिंतीकडे केलं. ठिपकीने खालचा ओठ दाताखाली धरला. आता बोलावं, आता बोलावं, असं तिला वाटत होतं.

नेमका तेव्हाच जिन्यात चपलांचा आवाज झाला आणि पहिला आला.

पहिला म्हणजे ठिपकीच्या वर्गातला, मागच्या गल्लीत राहणारा मुलगा. दर परीक्षेत पहिला येतो म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. त्याला घरात आणलं तेही बाबांनीच. त्याच्या वडिलांना गाठून, गोड बोलून, रोज संध्याकाळी ठिपकीबरोबर गणिताला बसायला राजी केलं होतं. तेव्हापासून घरात पहिलापुराण सुरू होतं. पहिला पाचला उठतो. पहिला पंखा बंद करून खोलीबाहेर येतो. पहिल्याचे कानसुद्धा स्वच्छ आहेत, असं बाबा एकदा म्हणाले होते, आणि खोटं कशाला बोला, ते कान होतेच लक्षात राहण्यासारखे. दोन्ही बाजूंनी छान बाहेर आलेले. वर गोल चष्मा आणि डोक्यावर काही केल्या न बसणारा केसांचा एक तुरा.

"आलास? ये, ये," बाबा म्हणाले. त्यांना एकदम आधार वाटला. "जरा घरचं चाललंय. पण बरा आलास. हिला तूच सांग. आमचं कुणी ऐकत नाही."

"काय सांगू, काका?"

"हे बघ." बाबांनी गच्चीचं पान त्याच्यापुढे धरलं. "परीक्षा तोंडावर आणि हिचं हे चाललंय. या हिरोबरोबर. तू हुशार मुलगा आहेस. सांग हिला, असल्या गोष्टींनी आयुष्याचं गणित सुटतं का?"

पहिल्याने पान पाहिलं. मग थर्मामीटरकडे पाहिलं. मग ठिपकीकडे. त्याचे कान आधी लाल झाले आणि मग बाकीचा चेहरा. त्याला आपला हात दिसत होता, आपला शर्ट दिसत होता, आणि वर तिसऱ्याचंच डोकं.

"अरे, सांग ना."

"काका," तो खाकरला. घाबरला की तो नेहमी तोंडपाठ असलेलं काहीतरी बोलायचा. "उत्तर चुकलं तरी... पायऱ्यांचे मार्क मिळतात."

आत्याच्या हातातलं पेन थांबलं.

इतरांना ते वाक्य म्हणजे भंजाळलेल्या पोराची बडबड वाटली. आत्याने मात्र ते कालच लिहिलं होतं. आपल्या हाताने, गच्चीच्या चौकटीतल्या फुग्यात, जागा कमी पडली म्हणून अक्षरं जरा दाबून. नायिका रडत असते आणि तो तिला हेच म्हणतो. अक्षर कोरताना आत्याच्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं, आणि सर्दी झालीय असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. तिने हळूच ते पान ओढून घेतलं. फुगा वाचला. पहिल्याकडे पाहिलं. कान पाहिले.

"अगं बाई," ती म्हणाली.

"काय झालं?" भाऊकाकांनी विचारलं.

"काही नाही. तू आधी चष्मा घे, मेल्या."

ठिपकी उठून उभी राहिली. "बाबा, याला सोडा. याचं पोहणं बंद करू नका, काका. याचा काही संबंध नाही. हा मी काढलेलाच नाही."

"मग हा इथे आला कुठून?"

"भाऊकाकांच्या हातातून. माझ्या पेन्सिलीत वेगळा होता."

सगळे भाऊकाकांकडे वळले. भाऊकाकांनी पान उचललं, नाकाला लावलं, मग हातभर लांब नेलं. "रेघेवरच मारली असणार मी," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"पेन्सिलीत कोण होता?" बाबांनी विचारलं.

पहिला बोलायला तोंड उघडत होता, मिटत होता.

"कोण होता, विचारतोय!"

"आता कसं कळणार?" आई म्हणाली. "पेन्सिल तर खोडली असेल अण्णांनी."

तेव्हा कुठे सगळ्यांना आजोबांची आठवण झाली. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, डोळे मिटून. झोपले असतील असं वाटत होतं. पण या घरात पेन्सिलीतला चेहरा शेवटचा बघणारा माणूस तोच होता. आजोबांनी डोळे न उघडता पाठीमागच्या उशीखाली हात घातला, एक पान काढलं आणि टेबलावर टाकलं.

पुस्तकातलं शेवटचं झालेलं पान. एकच मोठी चौकट, त्यात नायक समोर बघतोय. शाईत थर्मामीटर होता. पण शाईच्या आतून, बाजूने, खालून, पेन्सिल जशीच्या तशी होती. गोल चष्मा, केसांचा तुरा आणि दोन्ही बाजूंना कान.

"हे खोडलं का नाही?" बाबांनी विचारलं.

"रबर सापडत नव्हतं," आजोबा म्हणाले. रबर त्यांच्या छातीवर लोंबत होतं.

बाबांनी पानाकडे पाहिलं, पहिल्याकडे पाहिलं, परत पानाकडे. आपण कुणाला घरात आणून रोज संध्याकाळी लेकीच्या समोर बसवलं, आणि वर दूध-बिस्किटंही ठेवली, हे त्यांना एकेका बिस्किटासकट आठवत गेलं.

"म्हणजे आमचा नाही?" औषधवाल्यांनी विचारलं. ते जरा दुखावले होते. "का? आमच्यात काय कमी आहे?"

"बाबा!" थर्मामीटर म्हणाला. "मग पोहायला जाऊ ना मी?"

"जा रे."

"काका," पहिला अखेर बोलला. "मी सांगणारच होतो. म्हणजे परीक्षेनंतर. तिला ओरडू नका. आणि मामाकडे पाठवू नका. हवं तर मी येत नाही उद्यापासून."

या सरळ बोलण्यानेच बाबांचं डोकं फिरलं. तो उलटून बोलला असता तर सोपं गेलं असतं. ते तडक आजोबांच्या खुर्चीकडे गेले आणि रबराला हिसका दिला. दोरी तुटली नाही, बटण तुटलं, आणि टेबलाखाली गडगडत गेलं. बाबांनी पान पुढ्यात ओढलं, डाव्या हाताने दाबलं आणि रबर त्या पेन्सिलीच्या कानावर टेकवलं.

"दादा!" आत्या ओरडली.

"अजिबात कुणी मधे पडायचं नाही."

आईने ओला हात पदराला न पुसताच येऊन त्या पानावर ठेवला. बाबांच्या रबराच्या पुढे, चेहऱ्यावर.

"हात काढ. डाग पडेल."

"पडू दे," ती म्हणाली. "फाटण्यापेक्षा बरा. मागच्या वेळी फाटला होता."

बाबांचा हात होता तिथेच राहिला.

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती आणि बाबा तेवढे ती विसरल्यासारखं वागायचे. ते कॉलेजात होते, परीक्षा तोंडावर होती, आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या पाट्या रंगवणाऱ्याची मुलगी, म्हणजे आताची आई, त्यांच्या प्रत्येक चित्रात यायला लागली होती. बाजारात ती, मिरवणुकीत ती, एकदा तर घोड्यावर बसलेल्या सैनिकाला तिचा चेहरा. आजोबांनी तो खोडला. बाबांनी परत काढला. आजोबांनी परत खोडला. शाई लागायची वाटच पाहिली नाही कधी. शेवटी एक दिवस कागद फाटला आणि बाप-लेक महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत.

"आणि त्या परीक्षेचं काय झालं, ते सांगू का पोरांना?" आत्याने विचारलं.

"नको," बाबा म्हणाले.

आईने हात उचलला. "मला वाटत होतं, परीक्षा महत्त्वाची. अजूनही वाटतं. पण अहो, पोरीने काय चोरी केलीय? समोर बसवला तो काढला. नियम तुमच्याच घरचा आहे."

बाबा पानाकडे बघत राहिले. इतक्या वेळात पहिल्यांदाच ते बापाच्या नव्हे, पेन्सिलवाल्याच्या डोळ्यांनी बघत होते. कान एका रेघेत काढला होता. वरून सुरू होऊन, आत वळून, पाळीपर्यंत, कुठेही हात न उचलता. त्यांना आयुष्यात असा कान काढता आला नव्हता. ते तीन तुकड्यांत काढायचे आणि सांधे लपवायचे. या पोरीने मन लावून बघितलं होतं, नुसतं बघितलं नव्हतं. त्यांना तिचा अभिमान वाटला, आणि तो वाटला याचा भयंकर रागही आला.

"गणित तरी होतं का रे रोज?" त्यांनी पहिल्याला विचारलं.

"होतं, काका. बीजगणित मी शिकवतो. भूमिती ती मला शिकवते. मला आकृती दिसतच नाही आधी, तिला लगेच दिसते."

"दिसणारच," खिडकीजवळून आजोबा म्हणाले.

बाबांनी रबर टेबलावर ठेवलं.

"परीक्षेला बसायचं," ते म्हणाले.

"बसते," ठिपकी म्हणाली.

"अभ्यास या टेबलावर. गच्ची बंद."

"बरं."

"मामाला फोन कर," ते आईला म्हणाले. "ती येत नाही म्हणून सांग."

ठिपकीला रडू फुटलं. ती आवरत होती आणि ते आवरत नव्हतं. पहिल्याने खिशातून रुमाल काढला, बाबांकडे बघितलं आणि तो परत खिशात घातला. शेवटी थर्मामीटरने आपला दिला.

"मग मी पुस्तकात नाहीच का?" त्याने विचारलं.

"खलनायक होतोस?" ठिपकीने नाक पुसत विचारलं.

"होतो की! पोहणारा?"

आई कामाला लागली होती. तिने बारीक ब्रश घेतला, पांढऱ्यात बुडवला आणि भाऊकाकांची शाई तेवढी एकेक रेघ करत झाकायला सुरुवात केली. लांब मान गेली. भुवई गेली. अर्धवट हसू गेलं. पेन्सिलीला तिने धक्का लावला नाही. भाऊकाका काम बघायला वाकले तेव्हा आत्याने न बोलता आपला चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. ते थोडा वेळ पानाकडे बघत राहिले.

"अरे, हा तर पहिला," ते म्हणाले.

"शाई कोण करणार?" आत्याने विचारलं. भाऊकाकांनी सवयीने हात पुढे केला. बाबांनी त्यांच्या हाताखालून दौत काढून घेतली आणि ठिपकीसमोर ठेवली.

"तूच कर. आणि आईचं तोंडही काढ कुठेतरी."

तिने निब बुडवली. सगळे खुर्च्या ओढून जवळ आले, औषधवालेसुद्धा. तिने कानापासून सुरुवात केली. वरून, आत वळून, पाळीपर्यंत, एका दमात. मग दुसरा कान. मग चष्मा, तुरा, हनुवटी. पहिला श्वास रोखून उभा होता आणि त्याचा खरा कान त्या कागदावरच्या कानापेक्षा लाल होता.

ती मागे सरकली. आजोबा खुर्चीतून उठले, टेबल धरत धरत आले, आणि थरथरत्या हाताने रबर उचललं. इतक्या वर्षांचा हात, तो थांबायचा नाही. रबर कागदावर टेकणार तेवढ्यात बाबांनी बापाचं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं.

"थांबा, अण्णा," ते म्हणाले. "या वेळी शाई वाळू दे."